४६ मुलं आणि ३५ मिनिटांचा जर्मनचा तास

पत्र

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका सीबीएसई शाळेत मी नववीला जर्मन शिकवते. वर्गात ४६ मुलं, आठवड्याला चार तास, तास ३५ मिनिटांचा. जूनमध्ये शाळेत एक ट्रेनिंग झालं आणि तेव्हापासून प्रत्येक मुलाचं शिक्षण 'पर्सनलाइज्ड' हवं असं फर्मान निघालंय. मूल 'व्हिज्युअल' (बघून शिकणारं) आहे, 'ऑडिटरी' (ऐकून शिकणारं) आहे की 'किनेस्थेटिक' (हालचालीतून शिकणारं), याचा फॉर्म भरून घ्यायचा, प्रत्येकाचा वेगळा लर्निंग प्लॅन करायचा, आणि आठवड्यातला एक तास मुलांनी कॉम्प्युटर लॅबमध्ये हेडफोन लावून अ‍ॅपवर घालवायचा. माझ्या वर्गात एक मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे दोन वर्षं स्टुटगार्टला राहून आलाय. घडाघडा बोलतो आणि माझ्या तासाला बाकावर डोकं टेकून बसतो. एक मुलगी सातवीपर्यंत मराठी माध्यमात होती. तिला इंग्रजीचीच धास्ती, आणि मी जर्मन शिकवते ते इंग्रजीतून. बाकीची मुलं 'मॅम, हे परीक्षेला येणार का?' एवढंच विचारतात. गृहपाठ अलीकडे इतका बिनचूक येतो की तो मोबाइलनं केलाय हे उघड दिसतं. मी एकटी ४६ प्लॅन कसे करू? जमत नाही म्हणून सरळ सांगून टाकू का? आणि कच्च्या मुलांना ट्यूशन लावायला सुचवू का?

– जर्मनची मॅम, नाशिक

उत्तर

मॅम,

४६ प्लॅन करू नका. केलेत तरी ते फाइलमध्ये राहतील, तपासणीच्या दिवशी टेबलावर येतील आणि परत कपाटात जातील. तुमच्या चार रविवारांची मात्र वाट लागेल.

आधी त्या फॉर्मचं बघू, कारण ते सोपं आहे. शाळेला हवा असेल तर भरून द्या, त्यावरून भांडू नका. पण त्यावर विसंबून शिकवू नका. पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं. मुलाच्या 'शैली'प्रमाणे शिकवलं तर ते जास्त शिकतं, असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. भाषेच्या बाबतीत तर हा प्रकार आणखीच विचित्र होतो. 'व्हिज्युअल' शिक्का बसलेल्या मुलाला ऐकण्यातून सूट द्यायची का? खिडकीकडे बोट दाखवून 'दास फेन्स्टर' म्हणताना मूल बघतं, ऐकतं, हात हलवतं आणि बोलतं. यातलं काय त्याच्या शैलीचं आणि काय शेजारच्याच्या, हे कोण ठरवणार?

ट्रेनिंगमध्ये तुम्हाला बहुधा शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूमचंही नाव ऐकवलं असेल. एकास एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी वर्गात शिकणाऱ्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो, हे १९८४ च्या त्यांच्या लेखातलं वाक्य अशा कार्यक्रमांत हमखास येतं. एवढा मोठा फरक नंतरच्या अभ्यासांत सहसा दिसलेला नाही. पण त्याच लेखातली दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. ब्लूम शोधत होते ते हे की, प्रत्येकाला शिकवणी लावणं समाजाला परवडणारं नाही, मग भरलेल्या वर्गात त्याच्या जवळ जाणारं काय करता येईल? म्हणजे तुमचाच प्रश्न. त्यांच्या उत्तराचा एक भाग अगदी घरगुती होता: शिकवलेलं आलंय का ते लगेच बघा, नसेल तर दुरुस्त करा, पुन्हा बघा आणि मगच पुढे जा. याला अ‍ॅप लागत नाही.

आता हिशोब. ३५ मिनिटं म्हणजे २१०० सेकंद. ४६ मुलांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४५ सेकंद येतात, तेही तुम्ही स्वतः पूर्ण तास तोंड बंद ठेवलंत तर. एकेकाला उभं करून विचारण्याची पद्धत इथेच संपते. उलट आठ मिनिटं जोडीनं बोलायला लावलंत तर प्रत्येक मूल चार मिनिटं बोलतं. वर्गात गलका होईल, शेजारच्या वर्गाचे सर डोकावतील, डोकावू द्या. त्या आठ मिनिटांत तुम्ही बाकांमधून फिरा आणि फक्त पाच मुलांजवळ थांबा. कोणती पाच ते आधी ठरवलेलं असू द्या. दहा तासांत, म्हणजे साधारण अडीच आठवड्यांत, सगळा वर्ग तुमच्या कानाखालून गेलेला असेल. वहीत प्रत्येकासमोर एक ओळ लिहा: काय आलं, कुठे अडलं. नववीच्या वर्गात प्रत्येकाकडे स्वतंत्र लक्ष देणं यापेक्षा फार वेगळं असू शकत नाही, आणि एवढं झालं तरी ते पुष्कळ आहे.

तास संपताना एक चिठ्ठी घ्या. वहीचं पाव पान, त्यावर आज शिकलेल्या गोष्टीचं एकच वाक्य. स्टाफरूममध्ये चहा होईपर्यंत चिठ्ठ्यांचे तीन ढीग होतात: जमलंय, अर्धवट जमलंय, काहीच कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या जोड्या या ढिगांवरून लावा. ढीग रोज बदलतात, म्हणून जोड्याही बदलतात, आणि ते फार महत्त्वाचं आहे. कायमचे गट पाडू नका. गटांना गुलाब, मोगरा, जाई अशी कितीही सुवासिक नावं दिली तरी मोगरा म्हणजे 'ढ' हे मुलांना पहिल्याच दिवशी कळतं. मग मोगऱ्यातलं मूल वर्षभर मोगऱ्यासारखंच वागतं.

तुमच्या पत्रातल्या मराठी माध्यमाच्या मुलीपाशी मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण मला वाटतं तुमच्या वर्गातली सगळ्यात मोठी संधी तिथे आहे आणि तुम्ही तिला अडचण समजताय.

तुम्ही जर्मन इंग्रजीतून शिकवता, म्हणजे ती मुलगी दोन परक्या भाषांच्या चाळणीतून जर्मनकडे बघते. मधली चाळणी काढून टाका. जर्मनमध्ये नामाला तीन लिंगं आहेत: देअर, दी, दास. इंग्रजीतून हे सांगायला अर्धा तास लागतो आणि तरी मुलं विचारतात, टेबल पुल्लिंगी कसं? मराठीत विचारणार नाहीत. तो दरवाजा, ती खिडकी, ते दार हे त्यांना दुसऱ्या वर्षापासून येतंय. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल, म्हणजे नामाप्रमाणे विशेषणही बदलतं हेही येतंय. कुठल्या शब्दाचं लिंग कोणतं हे पाठच करावं लागेल. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी, त्याला इलाज नाही. पण 'असं का असतं' हा प्रश्नच उरत नाही. मुलगी या अर्थाचा 'मेटशेन' हा शब्द नपुंसकलिंगी कसा, यावर जगभरचे विद्यार्थी हसतात. त्याच्या शेवटचा 'शेन' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. आपल्याकडे लेकरू, वासरू, कोकरू, पिल्लू कोणत्या लिंगात जातात ते त्या मुलीलाच वर्गाला सांगू द्या.

पुढे. 'मला आवडतं' आणि 'मला थंडी वाजते' यातला 'मला' जर्मनमध्ये जशाच्या तसा 'मिअर' होतो: 'एस गेफेल्ट मिअर', 'मिअर इस्ट काल्ट'. इंग्रजीत विचार करणारं मूल तिथे 'इश' (मी) घालून चुकतं. चतुर्थी मराठीतून दाखवली की डाटिवची, म्हणजे जर्मन चतुर्थीची, निम्मी भीती जाते. 'डू' आणि 'झी' म्हणजे तू आणि तुम्ही. इंग्रजीला हा फरक उरलेला नाही, आपल्याला तो श्वासासारखा आहे. फक्त एवढं बजावा की तिकडे आजी-आजोबांनाही 'डू'च म्हणतात. तुमच्या वर्गात वडिलांना 'अहो बाबा' म्हणणारी चार-सहा मुलं तरी असतीलच, ती चकित होतील आणि त्यावर पाच मिनिटं छान बोलणं होईल. 'त्साइट', 'त्सू', 'त्स्वाय' मधला पहिला आवाज म्हणजे आपल्या चमच्यातला 'च', चहातला नव्हे. हे एकदा सांगितलं की संपलं.

आकड्यांची तर मौजच आहे. जर्मनमध्ये ३५ म्हणताना आधी पाच, मग तीस. इंग्रजी वळणाची मुलं ऐकण्याच्या परीक्षेत ३५ ऐकून ५३ लिहितात. आपलं पस्तीसही आधी पाच, मग तीस. पण तुमच्या वर्गातल्या निम्म्या मराठी घरांतल्या मुलांना 'सत्तेचाळीस म्हणजे फॉर्टी सेव्हन ना?' असं विचारावं लागतं, हे तुम्हाला माहीत आहेच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' असं वाचन सुचवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. जर्मनीतही असाच वाद आहे आणि तिथेही 'त्स्वान्त्सिश आइन्स' म्हणावं असा आग्रह धरणारी मंडळी आहेत. तर आकड्यांच्या तासाला त्या मुलीला फळ्यापाशी बोलवा. एक ते शंभर मराठीत न अडखळता म्हणणारी वर्गात कदाचित ती एकटीच असेल. मागच्या बाकावर अंग चोरून बसणाऱ्या मुलीला वर्गानं एकदा तरी काही विचारायला हवं.

तुमच्या शाळेत वर्गात मराठी बोलायला मनाई असेल, तर हा मुद्दा मुख्याध्यापकांपुढे लेखी मांडा. मुलाला येणाऱ्या भाषेचा आधार घेणं हेच 'पर्सनलाइज्ड' शिकवण्यातलं सगळ्यात स्वस्त साधन आहे, आणि ते सोडून लॅबमध्ये हेडफोन वाटणं मला तरी उफराटं वाटतं. वर्गात घरी हिंदी, गुजराती किंवा अहिराणी बोलणारी मुलंही असतील. त्यांनाही विचारत चला, तुमच्याकडे हे कसं म्हणतात? गुजरातीला तीन लिंगं आहेत, हिंदीला दोनच. तुलना मुलांनाच करू द्या.

आता स्टुटगार्टचा मुलगा. त्याला पहिल्या बाकावर बसवून 'छोटे सर' करू नका. महिन्यातून एकदा ठीक आहे, रोज नको. तो फुकटचा मदतनीस नाही, त्यालाही काही नवं शिकायचा हक्क आहे. आधी त्याचं लिखाण तपासा. तिथल्या पोरांत खेळून भाषा उचललेली मुलं बोलतात छान, पण डाटिव-आकुझाटिव या विभक्ती कानानं ठोकतात आणि लिहिताना उघडी पडतात. शिवाय स्टुटगार्टकडे श्वेबिश बोली चालते. तिथे 'इस्ट'चं (आहे) 'इश' होतं आणि छोट्या गोष्टीला 'ले' लागतो. त्याच्या तोंडी ते आलं असेल तर चूक म्हणून खोडू नका. प्रमाण जर्मन आणि श्वेबिश यातला फरक दहा मिनिटांत सांगायला सांगा. नाशिकची मराठी आणि मालेगाव-सटाण्याकडची अहिराणी डोळ्यांसमोर असलेल्या मुलांना ते पटकन समजेल.

वर्ग 'माझं घर' शिकत असेल तर तो 'स्टुटगार्टचं घर आणि नाशिकचं घर' यावर एक पान लिहील. वर्ग संवाद वाचत असेल तर तो एक छोटी बातमी वाचून तिचा सारांश चार सोप्या वाक्यांत सांगेल, इतक्या सोप्या की मागच्या बाकाला कळाव्या. कठीण मजकूर सोपा करून दुसऱ्यापर्यंत पोचवणं हे खरोखरच अवघड कौशल्य आहे. युरोप परिषदेनं (कौन्सिल ऑफ युरोप) २००१ मध्ये ए१ ते सी२ अशा भाषेच्या पायऱ्या ठरवल्या आणि २०२० च्या पुरवणीत या कौशल्याला स्वतंत्र, सविस्तर जागा दिली. पुण्याच्या माक्स म्युलर भवनच्या परीक्षांची माहिती त्याच्या पालकांना द्या. त्याचं ध्येय शाळेच्या पेपरच्या पुढचं असू द्या, म्हणजे डोकं बाकावरून उठेल.

राहिली मधली मुलं, जी परीक्षेला काय येणार ते विचारतात. मला ती आळशी वाटत नाहीत. त्यांना जर्मन कशाला हवं हे कुणी विचारलेलंच नाही, म्हणून मार्क हेच कारण उरलंय. पुस्तकातला 'माझं शहर' हा धडा बर्लिनच्या भुयारी रेल्वेत फिरत असतो. तो वाचा, पण बोलायला नाशिक द्या. सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, रामकुंडाला कसं जायचं: सरळ, डावीकडे, उजवीकडे, पुलावरून. २०२७ च्या सिंहस्थात पंचवटीत परदेशी पाहुणे दिसतील, त्यांतल्या एखाद्याला वाट सांगायची आहे असं समजा. ज्या मुलाचं घर पंचवटीत आहे त्याला हे खरं वाटतं. ज्या मुलीचे बाबा सातपूरच्या बॉशमध्ये आहेत तिला कंपनीचं मुख्यालय स्टुटगार्टच्या शेजारी गेर्लिंगेनला आहे हे नकाशावर शोधू द्या. दिंडोरी किंवा निफाडकडून येणारं एखादं मूल असेल तर त्याच्या घरची द्राक्षं नेदरलँड्स, जर्मनीला जात असण्याची शक्यता बरीच आहे. जानेवारी ते एप्रिल ही त्यांची धामधूम. पेटीवर काय लिहिलेलं असतं, वजन, वाण, कुठून आली, हे जर्मनमध्ये लिहायला त्याला कुणी ढकलावं लागणार नाही. त्याच्या बाबांना माल पाठवण्याआधी औषधांच्या अंशांची तपासणी करावी लागते. त्यातलं एक वाक्य जरी त्यानं जर्मनमध्ये सांगितलं तरी वर्ग कान टवकारेल.

आणि पालकांना हे सांगा: महाराष्ट्रानं २०२४ मध्ये स्टुटगार्ट राजधानी असलेल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. मात्र नोकरीच्या आशेवर जर्मन विकू नका. नववीच्या जर्मननं कुणाला व्हिसा मिळत नाही, त्याला पुढच्या बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात. पण 'स्कोअरिंग विषय' यापेक्षा वेगळं काहीतरी पालकांच्या कानावर गेलेलं बरं.

तुम्ही म्हणाल, विषय वेगवेगळे दिले तर तपासायचं कसं? विषय वेगळे, वाक्याचा साचा एक. समजा साचा आहे 'मी जर्मन का शिकतो'. ज्याला जेमतेम जमतंय तो म्हणेल, 'इश लेर्ने डॉइच. माइन फाटर आर्बाइटेट बाय बॉश.' (मी जर्मन शिकतो. माझे वडील बॉशमध्ये काम करतात.) दोन सुटी वाक्यं, बरोबर, शाबास. पुढचा ती 'उंट'नं, म्हणजे 'आणि'नं, जोडेल. त्याच्या पुढचा म्हणेल, 'इश लेर्ने डॉइच, वाइल माइन फाटर बाय बॉश आर्बाइटेट.' 'वाइल' (कारण) आलं की क्रियापद वाक्याच्या टोकाला जातं, जिथे मराठीचं क्रियापद एरवीच बसलेलं असतं. फळ्यावर एकच प्रश्न, तिन्ही उत्तरं मान्य, आणि प्रत्येकाला पुढच्या आठवड्यात एक पायरी वर यायचंय हे ठाऊक. तयारी तुम्हाला एकाच धड्याची करावी लागली. कुणी कुठपर्यंत जायचं हे कागदावर तुम्ही ठरवलं नाहीत, मुलानं बोलून दाखवलं.

सीबीएसईत ८० गुणांची लेखी परीक्षा सगळ्यांना सारखीच आहे, तिथे निवडीला वाव नाही आणि तिची तयारी सगळ्यांकडून करून घ्यावीच लागेल. पण २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. ही द्राक्षाची पेटी, रामकुंडाची वाट आणि स्टुटगार्टचं घर त्या वीस गुणांत बसवा. मार्कांत आलं की मुलं मनावर घेतात. हे तत्त्वाला धरून नसेल, पण खरं आहे.

लॅबच्या तासाला विरोध करू नका, त्याचा उपयोग करून घ्या. अ‍ॅपला एक काम उत्तम जमतं, ते म्हणजे शब्दांची उजळणी. शिकलेलं किती भराभर विसरतं हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. विसरायच्या बेतात असताना शब्द पुन्हा समोर आला तर तो टिकतो, आणि कुणाचा कोणता शब्द विसरायला आलाय हे ४६ जणांसाठी लक्षात ठेवणं माणसाचं काम नाही. ज्यांच्याकडे घरी मोबाइल हाती लागत नाही त्यांना चपलेच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे करायला सांगा. आलेला शब्द मागच्या कप्प्यात, चुकलेला पुन्हा पहिल्या कप्प्यात, मागचे कप्पे उशिरा उशिरा उघडायचे. लाइटनर नावाच्या लेखकानं १९७२ मध्ये ही पद्धत लोकप्रिय केली आणि आजची बरीच अ‍ॅप्स आतून साधारण तेच करतात.

अ‍ॅपला जमत नाही ते समोरच्या माणसाशी बोलणं. म्हणून मुख्याध्यापकांना असं सुचवा: लॅबच्या तासाला निम्मा वर्ग लॅबमध्ये, तिथे कॉम्प्युटरचे सर असतातच, आणि निम्मा वर्ग तुमच्याबरोबर. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. म्हणजे आठवड्यातून एक तास तुमच्यासमोर फक्त २३ मुलं असतील. या एका बदलासाठी मी बाकीच्या सगळ्या गोष्टींवर पाणी सोडायला तयार होईन. कॉम्प्युटरच्या सरांचा तो तास मोकळा नसेल तर वेळापत्रक करणाऱ्या सरांना गाठा. मुख्याध्यापकांपेक्षा अशी कामं तेच करतात.

बिनचूक गृहपाठाबद्दल चौकशी-समिती बसवू नका. चॅटजीपीटीनं लिहिलंय का हे सिद्ध करण्यात तुमचा तास जाईल आणि सिद्धही होणार नाही. वही हातात घेऊन त्यातल्याच एका वाक्यावर दोन प्रश्न विचारा: हा शब्द इथे का? हेच वाक्य कालचं करून सांग. ज्याला उत्तर आलं त्यानं मदत घेतली असेल तर घेतली, शिकला तरी. ज्याला आलं नाही त्याचा गृहपाठ कोरा समजायचा, रागावायचं नाही. दोन आठवड्यांत वर्गाला नियम कळतो. मोठं लिखाण मात्र वर्गातच, हातानं, वीस मिनिटांत.

आणि ते ४६ प्लॅन? ते मुलांना लिहू द्या. एक पान, मराठीत किंवा इंग्रजीत, ज्याला जे सोपं. वर लिहायचं: मला काय येतं. पण 'मला डाटिव येतो' असं नाही, तर 'मी घड्याळ बघून वेळ सांगू शकते', 'मी दुकानात किंमत विचारू शकतो' असं. ए१, ए२ या पायऱ्यांची वर्णनं अशाच वाक्यांत लिहिलेली आहेत आणि ती मुलांनी स्वतः तपासावीत हीच कल्पना आहे. खाली दोन ओळी: येत्या दोन आठवड्यांत काय जमवणार, आणि कशात मदत हवी. तुम्ही फक्त वाचून सही करायची आणि तुमच्या वहीतल्या ओळीशी ताडून बघायची. काही मुलं सगळं येतं म्हणून खुणा करतील. त्यांच्याजवळ पुढच्या फेरीत आधी थांबा, रागानं नव्हे, एक प्रश्न विचारायला. तपासणीला आलेल्यांना ही पानं दाखवा. छापील तक्त्यापेक्षा मुलाच्या अक्षरातलं पान बघून ते जास्त खूश होतील, असा माझा अंदाज आहे.

बोलणं बरं पण लिहिताना अक्षरं सतत उलटसुलट होणारं एखादं मूल फेऱ्यांत सापडलं, तर तो जर्मनचा प्रश्न नसेल. इतर विषयांच्या शिक्षकांना विचारा आणि शाळेच्या समुपदेशकांकडे न्या.

'जमत नाही' असं सांगू नका, कारण मग शाळा अ‍ॅपचे तास एकाचे दोन करेल. सहामाहीनंतर, दिवाळीच्या सुट्टीआधी, दोन गोष्टी मागा: निम्म्या वर्गाचा तो एक तास आणि वर्गात मराठी वापरायची मोकळीक. फॉर्म आत्ता आणि मुलांनी लिहिलेल्या प्लॅनची फाइल तयार झाली की त्यांना आनंदानं द्या. सगळं एकदम सुरूही करू नका. या महिन्यात चिठ्ठ्या आणि पाच मुलांची फेरी एवढंच. मुलांची प्लॅनची पानं दिवाळीनंतर.

ट्यूशनचं विचारलंत. सुचवू नका. नववीत ज्याला जर्मन जमत नाही त्याला बहुतेक वेळा जास्त तास नको असतात, तोंड उघडायला जागा हवी असते, आणि ट्यूशनमध्येही तो तीस मुलांत शेवटच्याच रांगेत बसतो. शिवाय शाळेतल्या शिक्षकांनीच शिकवणी सुचवली की पालकांच्या मनात नको ते प्रश्न येतात. पालक फारच मागे लागले तर त्यांना सांगा, रोज रात्री जेवताना मुलाला दहा मिनिटं विचारा, आज जर्मनमध्ये काय बोललास ते आम्हाला शिकव. आईबाबांना जर्मन येत नाही ही इथे अडचण नाही, उलट सोयच आहे.